चेंबूरचे राजे आणि माहवलीची वाडी

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती करणारा माणूस मोठा धोरणी असला पाहिजे. ऋषींनी आणि नद्यांनी ती निमूटपणे पाळली. मोडली ती आपण. अलीकडे ज्याला त्याला आपल्या कुळाचे मूळ सापडू लागले आहे, आणि सापडते ते थेट सूर्याच्या किंवा चंद्राच्या दारात! कुळांची संमेलने भरतात, जाडजूड स्मरणिका निघतात, मधल्या पानावर रंगीत वंशवृक्ष छापतात. बुंध्याशी सूर्यनारायण, त्यावर एखादा चक्रवर्ती, त्यावर एखादा शिलालेखातला राजा. मग एकदम चारपाचशे वर्षांची उडी, आणि शेंड्याला तुमचेआमचे बंडू-बेबी. एवढ्या मोठ्या झाडाच्या मधल्या खोडाचे काय झाले, हे विचारण्याची सोय नाही. विचारणारा कुळबुडवा ठरतो.

मी तो ठरायला तयार आहे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. पोटासाठी शाळामास्तर आणि हौसेखातर कादंबरीकार, एवढीच माझी पदवी. पंडितांच्या पंगतीत माझे पान कोणी मांडणार नाही. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट बरी कळते: कोणती गोष्ट घडलेली आहे आणि कोणती रचलेली आहे. आमचाच धंदा तो! आणि या स्मरणिका वाचताना मला पदोपदी वाटते, की अरे, हे तर आमच्या जातीचे लोक. फरक इतकाच, की आम्ही मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे प्रामाणिकपणे छापतो.

काही वर्षांपूर्वी एका कुळमंडळाचे दोन पदाधिकारी माझ्याकडे आले. मंडळाचे नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. अशी मंडळे गल्लोगल्ली आहेत. ‘सर, आमच्या कुळाचा प्राचीन इतिहास तुम्ही लिहून द्या. आम्ही मूळचे चेंबूरचे राजे.’ मी म्हटले, चेंबूरला राजे होते? तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढला. टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने ‘सिमुल्ल’ म्हटले आहे ते चेंबूर. अरबांनी ‘सैमूर’ म्हटले आहे तेही चेंबूर. कान्हेरीच्या लेण्यांत ‘चेमूल’ कोरले आहे तेही चेंबूर. आणि तिथे राज्य करणारे शिलाहार ते आम्ही. मी महिनाभर वाचून दहा पाने लिहून दिली. पाने परत आली तेव्हा त्यांवर तांबड्या शाईच्या रेघा होत्या. सर्वांत जाड रेघ ज्या वाक्यावर होती, त्यात मी लिहिले होते की चेंबूर हे नाव चिंबोरीवरून पडले असे गावातले जुने लोक सांगतात. समासात शेरा होता: ‘खेकडा नको.’

या दोन शब्दांशी माझे भांडण आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी सैमूरचा निकाल लावू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणच्या पुढे दक्षिणेकडे जाताना लागणारी बाजारपेठ म्हणून ‘सेमुल्ल’ येते. दुसऱ्या शतकातला टॉलेमी सांगतो, की या बंदराला तिथले लोक ‘तिमूल’ म्हणतात. कान्हेरीला चेमूलच्या एका सोनाराने पाण्याची पोढी खोदवल्याचा लेख आहे. हे सारे खरे, आणि अभिमान वाटावा असे. परंतु हे बंदर कोणते? कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, कुंडलिकेच्या मुखाशी असलेले चौल! शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला याचा पुरावा देण्यासाठी ताम्रपटही लागत नाही. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, तसे चेमूलचे चेवूल आणि चेवूलचे चौल झाले. ‘म’ जाऊन ‘व’ येणे ही आपल्या भाषेची रोजची चाल आहे. आता कोणी म्हणेल, आम्राचा आंबा झाला, ताम्राचे तांबे झाले, मग सैमूरचे चेंबूर का होऊ नये? तर आम्रात आणि ताम्रात ‘म’ आणि ‘र’ एकमेकांना चिकटून बसले आहेत, म्हणून त्यांच्यामध्ये ‘ब’ घुसतो. सैमूरमध्ये त्या दोघांच्या मध्ये चांगला लांबलचक ‘ऊ’ आहे. तिथे ‘ब’ला शिरायला फटच नाही.

ताम्रपटही हवा असेल तर तोही आहे. इसवी सन १०९४ मध्ये शिलाहार राजा अनंतदेव याने दोघा व्यापारी भावांच्या गलबतांना जकात माफ केली. खारेपाटणला सापडलेल्या त्या ताम्रपटात बंदरांची नावे आहेत: स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली. म्हणजे ठाणे, चौलाला लागून असलेले नागाव, सोपारे आणि चौल. त्यांत चेंबूर कुठेही नाही. बिचाऱ्या चेंबूरने आपण बंदर असल्याचा दावा कधी केलाही नव्हता. खाडी, मिठागर, चिखल आणि चिखलातल्या चिंबोऱ्या हे त्याचे वैभव. आणि माहुलच्या चिखलावर आजही दरसाल रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते टॉलेमीचे नाव ऐकून नव्हे.

मसुदी नावाचा अरब प्रवासी इसवी सन ९१६ च्या सुमारास सैमूरला आला होता. तिथे बल्हराच्या, म्हणजे राष्ट्रकूट सम्राटाच्या वतीने ‘जांज’ नावाचा राजा राज्य करतो, असे त्याने लिहून ठेवले. हा जांज म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. त्याच्या बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, त्यांपैकी कित्येक इथेच जन्मलेले, असेही मसुदी सांगतो. आमच्या कुळमंडळाला झंझ हवा होता. झंझाच्या बंदरातले हे दहा हजार मात्र नको होते. त्या ओळीवरही तांबडी रेघ होती.

आता शिलाहार. या घराण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. नवव्या शतकाच्या आरंभी पहिला कपर्दी उत्तर कोकणात स्थिरावला. त्याचा मुलगा पुल्लशक्ती याचा इसवी सन ८४३ चा लेख कान्हेरीला आहे. ठाणे ही राजधानी. अंबरनाथचे देऊळ इसवी सन १०६० चे, याच घराण्यातल्या मुम्मुणीच्या काळचे. पहिल्या अपरादित्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीची मोठी टीका आहे. शेवटचा राजा सोमेश्वर. १२६५ च्या सुमारास यादवांच्या महादेवाने त्याला समुद्रात गाठले. हेमाद्रीने आपल्या धन्याची स्तुती करताना म्हटले आहे, की सोमेश्वराने महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातला वडवाग्नी पत्करला आणि तो बुडाला. बोरिवलीच्या एकसरला जे मोठाले वीरगळ आहेत, त्यांवर गलबतांची लढाई कोरली आहे. ती हीच लढाई असे काही अभ्यासक म्हणतात, काही ती आधीची मानतात. चार शतके हे राज्य टिकले. अशा घराण्याशी नाते सांगावेसे वाटले तर त्यात नवल काय?

पण गंमत पहा. ज्यांच्यापासून आपण उगवलो असे सांगतो, ते शिलाहार स्वतः कुठून उगवले? त्यांच्या ताम्रपटांत लिहिले आहे की आम्ही जीमूतवाहनाच्या वंशातले. जीमूतवाहन म्हणजे नागाचा जीव वाचवण्यासाठी गरुडापुढे शिळेवर स्वतः आहार होऊन निजलेला विद्याधर. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा नायक. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार! जुन्या लेखांत याच घराण्याचे नाव सिलार, सियलार असेही येते. तेव्हा आधी नाव असणार आणि मग कोणा दरबारी पंडिताने त्याची संस्कृत फोड करून नाटकातला विद्याधर पूर्वज म्हणून आणून बसवला असणार, हे उघड आहे. ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर नगरीचे स्वामी, हे त्यांचे दुसरे बिरुद. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथे त्यांनी राज्य केल्याचा एकही लेख नाही. आणि ‘मलगलगंड’, ‘गंडरगंड’ अशी त्यांची आणखी बिरुदे आहेत ती चक्क कानडी! वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९७४ मध्ये शिलाहारांचा इतिहास आणि कोरीव लेख मराठीत दिले, १९७७ मध्ये इंग्रजीत त्यांचा प्रचंड ग्रंथ निघाला. ज्याला खरोखर जिज्ञासा आहे त्याला हे सारे वाचायला मिळते. स्मरणिकावाल्यांना त्या ग्रंथाचे फक्त नाव लागते, संदर्भासाठी.

शेलार हे आडनाव सिलारवरून आले असेल का? येऊ शकते, भाषेच्या नियमाला त्यात काही बाध नाही. परंतु आडनावाचा प्रवास आणि रक्ताचा प्रवास यांच्या वाटा एक असत नाहीत. राजाचे नाव त्याच्या शिपायाला लागते, कारकुनाला लागते, त्याच्या जमिनी कसणाऱ्याला लागते. सिंहगडच्या गोष्टीतले शेलारमामा आपण लहानपणी ऐकले. सुभेदार तानाजी पडल्यावरही लढत राहिलेला तो म्हातारा. त्या म्हाताऱ्याला मोठा करण्यासाठी कोणी त्याच्यामागे जीमूतवाहन उभा केला नाही. त्याची गरजही कधी कोणाला वाटली नाही.

याहून मोठा घोळ आहे तो सहासष्ट कुळांचा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली. तिच्यातला एक मोठा भाग केशवाचार्याने शके १३७० म्हणजे १४४८ मध्ये लिहिलेला, दुसरा त्यानंतर सव्वाशे वर्षांनी भगवान दत्ताने. उत्तर कोकणच्या इतिहासाला ही बखर म्हणजे अमोल ठेवा आहे. तिच्यातला ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द तर पुढे सर्वांच्या तोंडी झाला. या बखरीत प्रताप बिंब नावाचा राजा पैठण-चांपानेरकडून येतो, माहीमला बस्तान बसवतो आणि ओस पडलेल्या प्रांतात वस्ती करण्यासाठी सहासष्ट कुळे आणतो: सत्तावीस सोमवंशी, बारा सूर्यवंशी, नऊ शेषवंशी, आणि बाकी ब्राह्मण, वाणी वगैरे. काळ बाराव्या शतकाचा मध्य. मुंबईत आणि वसईच्या पट्ट्यात आज ज्या जाती आपापली कुळकथा सांगतात, त्यांतल्या कितीतरी या सहासष्टांत आपले नाव शोधतात. ‘आमचे कूळ बिंबाबरोबर आले,’ म्हणजे पुढे बोलायचे कामच नाही.

मला मात्र बोलायचे आहे. हे बेट कोणते? साष्टी. साष्टी म्हणजे काय? षट्षष्टी, सहासष्ट गावांचा मुलूख. आता भांडुपला सापडलेला शिलाहार छित्तराजाचा ताम्रपट घ्या. वर्ष १०२६. त्यात नोऊर गावातले शेत दान दिले आहे. हे नोऊर म्हणजे आपले भांडुप-मुलुंडमधले नाहूर, जिथे आज लोकल थांबते. आणि हे गाव कोठे आहे म्हणून सांगितले आहे? ‘षट्षष्टी विषयात’! म्हणजे बिंबाने सहासष्ट कुळे आणण्याच्या शंभरावर वर्षे आधी या मुलुखाचे नाव सहासष्ट होते, इथे गावे होती, गावांत शेते होती, शेतांना शीव होती आणि कर वसूल करणारा अंमलदारही होता. ओस पडलेला प्रांत तो हाच काय? माझे मत स्पष्ट आहे: कुळे मोजून सहासष्ट झाली नाहीत. मुलुखाचे नाव सहासष्ट, म्हणून कुळांची संख्याही सहासष्ट करावी लागली. बखरकाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या काळी राज्य बुडालेले, माणसे पांगलेली; आपण कोण हे सांगायला त्याला एक आकडा हवा होता, तो त्याने पायाखालच्या जमिनीकडून घेतला. दोष आपला, की त्या जमिनीला आपण ओसाड ठरवले आणि आकडा तेवढा उचलला.

हा रोग आपल्याच देशात आहे असे कोणी समजू नये. आयर्लंडात प्रत्येक टोळीच्या सरदाराजवळ वंशावळ सांगणारा पिढीजात भाट असे, आणि सगळ्या वंशावळी एकाच माणसाशी जाऊन मिळत: स्पेनहून आलेला मील नावाचा वीर. तिथून पुढे बायबलातल्या नोहापर्यंत सरळ जिना! आपल्याकडे मनू, त्यांच्याकडे नोहा. जलप्रलयातून वाचलेल्या नावेत सगळ्यांच्याच पणजोबांना जागा मिळालेली दिसते. पुढे ओवेन मॅकनील नावाच्या इतिहासकाराने या वंशावळी मठांतल्या विद्वानांनी जुळवलेल्या आहेत हे दाखवून दिले. हा मॅकनील कोणी इंग्रजांचा हस्तक नव्हता. आयरिश भाषा जगवण्यासाठी १८९३ मध्ये निघालेल्या संघाचा तो एक संस्थापक, १९१३ च्या आयरिश स्वयंसेवक दलाचा प्रमुख. देशासाठी तुरुंगात जाऊ शकणारा माणूस पूर्वजांच्या खोट्या वंशावळीला खोटी म्हणू शकतो, हे आपल्या अभिमानी मंडळींनी ध्यानात घ्यावे.

आयर्लंडची आणखी एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. तिथे टोळीचे नाव जमिनीला लागते. टायरोन हा परगणा म्हणजे ओवेनची भूमी. नायल राजाचा हा मुलगा. आपल्याकडे उलट. गावाचे नाव माणसाला लागते: माहुलचा तो माहुलकर, चेंबूरचा तो चेंबूरकर. राजाचे नाव जमिनीला देण्याचा प्रयत्न इथेही एकदा झाला. कपर्दी राजावरून या कोकणाला कपर्दिकाद्वीप, कवडीद्वीप म्हणत असत. आज कवडीद्वीप कोणाला ठाऊक आहे? ते नाव बुडाले आणि साष्टी तरले. मग ज्या देशात कुळाला गावाने नाव दिले, त्या देशात कुळाचा प्राचीन इतिहास शोधायचा तो गावाच्या शिवारात की सूर्याच्या रथात?

कोणी म्हणेल, मास्तर, सणासुदीला हे कसले विरजण घालता? थोडा अभिमान बाळगला तर कोणाचे काय बिघडते? बिघडते, आणि कोणाचे, तेही सांगतो. एका शाळेत मुलांना ‘माझ्या घराण्याचा इतिहास’ असा प्रकल्प दिला होता. वर्गात चेंबूर कॅम्पातली सिंधी मुले, तमिळ मुले, देशावरून आलेल्या बौद्ध कुटुंबांतली मुले, माहुल-तुर्भ्याच्या कोळीवाड्यांतली मुले. ज्यांच्या घरी छापील कुळवृत्तांत होता, त्यांचे रंगीत वंशवृक्ष फळ्याशेजारी लागले. एका सिंधी मुलीने लिहिले होते: ‘आमचे घराणे १९४७ मध्ये बोटीने आले. त्याआधीचे कागद तिकडेच राहिले.’ दोन ओळी. दहापैकी तीन गुण. एका कोळ्याच्या मुलाने कागद कोराच दिला. विचारले तर म्हणाला, ‘आमच्याकडे इतिहास नसतो सर.’ ज्याच्या वाडवडिलांनी या खाडीचा प्रत्येक कोलवा, प्रत्येक भरती-ओहोटी तोंडपाठ केली, ज्याची आजी आजही पाणी पाहून तिथी सांगते, त्या पोराला आपल्याकडे इतिहास नसतो असे वाटावे! हे बिघडते. वंशवृक्षाच्या सावलीत दुसऱ्याचे रोप वाढत नाही.

शिवाय लग्नाच्या बाजारात या स्मरणिकांचे काय होते ते घरोघरच्या आयांना विचारा. ‘तुमचे नाव यादीत दिसले नाही,’ एवढ्या एका वाक्यावर जमलेली सोयरीक मोडते. मुलगी शिकलेली, मुलगा कमावता, दोघांचे एकमेकांवर मन. आड येतो कोण, तर कोणा सचिवाने मागच्या वर्षी छापखान्यात बसून पुरी केलेली यादी. आणि त्या यादीत मुलींची नावे तरी कुठे असतात? आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असा पुरुषांचा दोर वरपर्यंत जातो. ज्या बायांच्या पोटी हे सारे महापुरुष जन्मले, त्यांच्या जागी एक आडवी रेघ. झाडाची अर्धी मुळे तोडून वर म्हणायचे, पहा आमचे झाड किती उंच!

आता ज्या दगडासाठी मी एवढा घसा कोरडा केला, त्या दगडाकडे येतो.

परळला एक शिलालेख सापडला. इसवी सन ११८७, शिलाहार राजा दुसरा अपरादित्य. राजाने काय केले आहे? कोणता देश जिंकला? काही नाही. षट्षष्टी विषयातल्या माहवली गावातील एका वाडीचे उत्पन्न त्याने देवाला लावून दिले. हे माहवली कुर्ल्याजवळचे. म्हणजे आमच्या चेंबूरच्या शेजारचे. वाडी अनंतपै प्रभू नावाच्या माणसाकडे होती. इतर कर माफ करून तिच्यावर चोवीस द्रम्म ठरवले, आणि ते दर्भावतीच्या वैद्यनाथाच्या पूजेला दिले. दर्भावती म्हणजे गुजरातेतले डभोई, असे अभ्यासक मानतात. लेख लिहिणाऱ्या कायस्थाचे नाव वालिग पंडित. आणि हे दान जो मोडील त्याच्यासाठी शेवटी एक शाप आहे. वरचा मजकूर संस्कृतात, पण शाप चांगला ठसठशीत मराठीत. कारण तो ज्यांना समजायला हवा त्यांना संस्कृत येत नव्हते! खाली गाढवाचे चित्र. अशा दगडाला गधेगळ म्हणतात. त्यातला मजकूर फराळाच्या ताटापुढे वाचण्याजोगा नाही, एवढेच सांगतो.

वाचकहो, या एका दगडात काय काय आहे पहा. कुर्ल्याजवळ आठशे वर्षांपूर्वी वाडी होती. वाडी म्हणजे माडा-पोफळीची बाग. म्हणजे विहीर होती, पाणी शिंपणारे हात होते, झाडावर चढणारा माणूस होता, नारळ-सुपारी घेणारी पेठ होती. नाणे होते. कर होता, आणि करमाफी ही राजाची मोठी मेहेरबानी होती. इथल्या बागेचा पैसा गुजरातच्या देवाला जात होता; तेव्हा माणसे दूरवर येत-जात होती आणि देवाच्या बाबतीत प्रांताची शीव मानत नव्हती. गावातला सामान्य माणूस मराठी बोलत होता, इतके की राजाला त्याला दटावायचे झाले तर मराठीतच दटावावे लागत होते. आणि दान मोडणारे लोकही असणार; नाहीतर इतका कडक शाप कशाला? चेंबूरच्या शेजारचा एवढा सबंध गाव त्या दगडात जिवंत आहे. त्या झाडावर चढणाऱ्याचे कूळ कोणते? त्याची वंशावळ कोणी लिहिली नाही. परंतु आपल्यापैकी कोणी या मातीतले असेल, तर राजा अपरादित्यापेक्षा त्या चढणाऱ्याचा वंशज असण्याचा संभव हजारपट अधिक आहे, हे हिशेब येणाऱ्या कोणालाही पटावे. राजा एक, चढणारे, शिंपणारे, मासे धरणारे, मीठ पिकवणारे अगणित.

असे दगड साष्टीत अजून आहेत. मुंबई विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अलीकडे गावोगाव हिंडून अशा कित्येक अवशेषांची नोंद केली, हे त्यांचे उपकार. बाकी ठिकाणी काय होते? वीरगळ दिसला की शेंदूर फासून त्याचा देव करतात. मग त्यावरची अक्षरे कायमची गेली. गधेगळ दिसला की अपशकुनी म्हणून उचलून टाकतात, किंवा पायरीला लावतात. संमेलनाच्या मंडपावर लाखभर रुपये उधळणाऱ्या मंडळांना दगडावर एक पत्र्याचे छप्पर घालायला कधी सवड झालेली मी पाहिली नाही. दगडावर त्यांच्या कुळाचे नाव नसते ना!

आणि गावे तरी किती उरली? माहुल, आणिक, देवनार, बोर्ला, मानखुर्द, तुर्भे. कचरा वाहण्यासाठी १९०६ मध्ये कुर्ल्याहून चेंबूरला रूळ आले. माणसांची गाडी पुढे १९२४ मध्ये सुरू झाली. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या आल्या. १९५० नंतरच्या दशकात माहुलला तेलाचे कारखाने आले, तुर्भ्याला अणुशक्तीचे केंद्र आले. यातले बरेच देशाला हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु प्रत्येक वेळी एखादी वाडी, एखादे मिठागर, एखादी पाणंद गेली, आणि तिचे नाव लिहून ठेवण्याची कोणाला आठवण झाली नाही. ज्यांना नाव लिहिता येत होते ते सगळे त्या वेळी सूर्यवंश शोधत बसले होते.

दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात. चेंबूरच्या इमारतींतही जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ जागा पकडून करतात. वर महाराज, बुरुजावर मावळे, हे सगळे यथास्थित असते. गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या पोरांना मी म्हटले, किल्ल्याच्या पायथ्याला गाव करा; त्यात विहीर हवी, वाडी हवी, खाडी हवी. त्यांनी केले. खाडीला ताटलीत पाणी घातले, आणि कोळ्याच्या त्या मुलाने, ज्याने कोरा कागद दिला होता, मातीची एक चिंबोरी करून काठावर ठेवली. आठ पाय आणि दोन आकडे, बरोबर मोजून.

या सुट्टीत माझ्या वर्गाला मी निराळा अभ्यास दिला आहे. वंशवृक्ष काढायचा नाही. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला चार गोष्टी विचारायच्या: ती लहानपणी पाणी कोठून आणत असे, तिच्या गावातल्या शेतांची, पाणंदींची किंवा खाडीतल्या जागांची कोणकोणती नावे तिला आठवतात, तिच्या आईचे माहेर कोणते, आणि तिथून ती इथे कशी आली. सिंधी असो, तमिळ असो, घाटावरची असो की माहुलची, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घरात आहेत. ज्या मोठ्या माणसांना फराळानंतर वामकुक्षी येत नसेल, त्यांनीही वही-पेन्सिल घेऊन आपल्या आईजवळ बसायला हरकत नाही. भाऊबीजेला बहिणीकडे जाल तेव्हा तिच्या सासूलाही विचारून घ्या. वह्या मी पंचवीस दिवसांनी गोळा करणार आहे, आणि तांबडी शाई या वेळी दौतीतच राहणार आहे.